निळ्या खुणेच्या मेंढ्या

१

पहिलं कोकरू मेलेलं जन्मलं तेव्हा मालकीणबाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. कळप म्हटला की एखादं जायचंच. दुसरं जिवंत आलं, पण त्याचे पुढचे पाय गुडघ्यात वाकून तसेच ताठ झालेले. सरळ करू गेलं तर हलेनात. तिसऱ्याची मान पाठीकडे वळलेली होती. आठवडा संपला तेव्हा तेरा मेंढ्यांपैकी दोन मेलेलं कोकरू टाकून गाभडलेल्या होत्या, सातजणींना वाकडी कोकरं झाली होती आणि चौघी तेवढ्या सुटल्या होत्या. तेराही जणींच्या पुठ्ठ्यावर, शेपटीच्या वर, निळी खूण होती.

त्या खुणेचं असं होतं. या घरात मेंढा कळपात सोडताना त्याच्या छातीला तेलात कालवलेला रंग फासायची पद्धत होती. मेंढी फळली की तो रंग तिच्या पुठ्ठ्यावर उमटायचा, म्हणजे कोण कधी फळली हे वेगळं लक्षात ठेवायला नको. पंधरा दिवस लाल रंग, मग महिनाभर मेंढा बांधलेला. पंधरा दिवस निळा, पुन्हा महिनाभर बांधलेला. मग हिरवा. लाल खुणेच्या मेंढ्या दीड महिन्यापूर्वीच व्यायल्या होत्या आणि त्यांची कोकरं अंगणभर उड्या मारत होती. हिरव्यांना अजून दीड महिना होता.

पशुपालक संघाचे अध्यक्ष त्या दुपारी जुन्या डॉक्टरांच्या घरी आले ते चहा पुढे यायच्या आधीच बोलायला लागले.

“लाल मेंढ्यांना व्यायच्या महिनाभर आधी लस टोचली कुणी? तुम्ही. निळ्यांना टोचली कुणी? मॅडमनी. लाल धडधाकट, निळ्या वाकड्या. मला तर यात विचार करण्यासारखं काही दिसत नाही. पण कागद लागतो. सोमवारी बैठक आहे. तुम्ही चौकशी करा आणि हा नमुना भरा. वर कारण, मध्ये दोष कुणाचा, खाली तुमची सही.”

“आणि मग?”

“मग काय, कागद वर जाणार. मॅडमची नोकरी अजून पक्की झालेली नाही. या एका कागदानं जाईल.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि जमेल तितका दुःखी चेहरा केला. जनावरांचा दवाखाना त्यांनी एकतीस वर्षं चालवला होता. लोक त्यांना मोठे डॉक्टर म्हणायचे. ते निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मॅडम येऊन बसल्या, आणि दोन वर्षांत मोठे डॉक्टर कधी जुने डॉक्टर झाले हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांच्या मात्र आलं होतं. पहिल्यांदा तसं कोण म्हणालं आणि कुठे उभं राहून म्हणालं, हेसुद्धा ते सांगू शकले असते. मॅडमचं अक्षर कोंबडी चालून गेल्यासारखं, तरी दवाखान्यापुढे रांग. आणि इकडे डॉक्टरांच्या पुढच्या खोलीत, येणाऱ्यांसाठी मांडलेल्या दोन बाकांवर त्यांची बायको दुपारची वर्तमानपत्र वाचत बसायची.

अध्यक्ष गेल्यावर तीच बायको कप उचलत म्हणाली, “चेहरा आवरा जरा. कुणी बघितलं तर वाटेल, चौकशीला नाही, लग्नाला निघालात.”

२

मालकीणबाई फाटक धरून उभ्या होत्या. नवरा गेल्यावर कळप त्यांनी एकटीनं सांभाळला होता, आणि त्या काळात रात्री-अपरात्री हाकेला धावलेला माणूस म्हणजे जुने डॉक्टर.

“या डॉक्टर. तुम्हीच आलात ते बरं झालं,” त्या म्हणाल्या, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

डॉक्टरांना वाटलं, शरमल्या असतील. लाल खेपेला आपल्याला बोलावलं आणि निळ्या खेपेला त्या नव्या बाईंना, शरमायलाच हवं.

शेडमध्ये पाऊल टाकलं की जिकडे तिकडे मॅडम दिसत होत्या. चाऱ्याच्या गव्हाणी उंच केलेल्या, भिंतीवर खडूनं लिहायची पाटी, पाण्याच्या टाकीला झाकण, दोन्ही टोकांना माणसाच्या उंचीचे पंखे. दिवस कलला की मेंढ्या आत घ्यायच्या आणि पंखे लावायचे, असं फर्मान होतं. त्या पंख्यांवरून डॉक्टरांनी एकदा झकास विनोद केला होता. विनोद आता नीट आठवत नव्हता. सगळं अंगण हसलं होतं ते आठवत होतं.

कळप राखणारे तात्या दोन मेलेली कोकरं पोत्यावर घेऊन आले. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्य तयारच होतं, ‘लस टोचण्यात झालेल्या हलगर्जीपणामुळे’, आणि ते त्यांना फार आवडलंही होतं. त्यांनी पायाचा सांधा उघडून पाहिला. मग डोक्याची कवटी उघडली, आणि मेंदू असायचा तिथून नुसतं पाणी बाहेर आलं.

दुसऱ्या कोकराचंही तेच झालं.

डॉक्टर सुरी हातात धरून उभे राहिले. मॅडमनी लस टोचली होती महिन्यापूर्वी. कोकराचे पाय आणि मेंदू घडतात ते आईच्या पोटातल्या पहिल्या दोन महिन्यांत. घर बांधून झाल्यावर कुणी येऊन त्याचा पाया वाकडा करू शकत नाही. म्हणजे जे बिघडलं ते लस यायच्या कितीतरी आधी बिघडलं होतं. लसीत काही खोट नव्हती आणि मॅडमचा काही दोष नव्हता.

“काय दिसलं डॉक्टर?” तात्यांनी विचारलं.

“बघू,” डॉक्टर म्हणाले.

त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते कोकरांसाठी नव्हतं. शिवाय एक गोष्ट त्यांच्या तेवढ्यात लक्षात आली. हे ओळखू शकेल असा माणूस सोमवारच्या बैठकीत त्यांच्याखेरीज कुणीच असणार नव्हता.

३

लस नाही तर नाही, पण काहीतरी सापडेलच, अशा आशेनं ते दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले.

त्यांचं टेबल खिडकीजवळ सरकवलेलं होतं. तिथे उजेड चांगला येत होता, आणि एकतीस वर्षांत आपल्याला हे कसं सुचलं नाही या विचारानं त्यांच्या पोटात दुखलं. त्यांनी फ्रिज उघडला. आत तापमापक, बाहेर तक्ता, तक्त्यावर रोजच्या तीन नोंदी. त्यांच्या काळी या फ्रिजमध्ये तापमापक नव्हता. दुधाची पिशवी असायची.

“नमुने पाठवलेत?” त्यांनी मॅडमना विचारलं.

“रक्त पाठवलंय सर, आणि डोक्यातलं पाणीही. उत्तराला तीन आठवडे लागतील.”

“बैठक तर सोमवारी आहे.”

“हो ना.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते की. काल दोनदा भाजी करपली.” मॅडम हसल्या, पण डोळ्यांखाली झोप नसल्याचं दिसत होतं. “आईला इथेच आणायचं चाललं होतं. खोली बघून ठेवली होती. आता थांबवलंय.”

“तुमच्या मते काय असेल हे?”

“माझ्या मताला या घडीला कोण विचारतंय सर? मी काहीही सांगितलं तरी स्वतःला वाचवतेय असंच म्हणतील.” त्यांनी फ्रिजचं दार लावलं. “तुम्ही दिवस मोजा.”

ही कालची पोरगी आपल्याला दिवस मोजायला सांगते, असं डॉक्टरांच्या मनात आलं. ते तोडून म्हणाले, “तुमची भेटींची वही दाखवा.”

मॅडमनी वही काढली आणि स्वतःच पानं उलटत त्या घरच्या भेटी दाखवू लागल्या. सगळं जिथल्या तिथे होतं. पण एका ठिकाणी त्यांनी दोन पानं एकदम उलटली, आणि अंगठा वरच ठेवला.

“ते काय?” डॉक्टर म्हणाले.

“काही नाही. दुसऱ्या घरचं आहे.”

एकतीस वर्षं लोक डॉक्टरांना जनावर काय खाऊन आजारी पडलं याबद्दल थापा मारत आले होते. थाप त्यांना लगेच कळायची. पाणी कुठेतरी मुरत होतं, आणि त्यांना पुन्हा हुरूप आला.

४

ते सरळ मालकीणबाईंच्या शेडमध्ये आले आणि तात्यांना कॅलेंडर उतरवायला सांगितलं. रंग बदलला त्या तारखेवर तात्या त्याच रंगाचं बोट उमटवत. निळं बोट पाच महिन्यांपूर्वीच्या एका तारखेवर होतं. तिथून डॉक्टरांनी चार आठवडे पुढे मोजले आणि पेन्सिलीनं रेघ मारली. सात आठवडे मोजले आणि दुसरी रेघ मारली.

“तात्या, जे झालं ते या दोन रेघांच्या मध्ये झालं. या दिवसांत निळ्यांच्या पोटात पाय आणि मेंदू घडत होते. लाल मेंढ्या तेव्हा पुढे निघून गेल्या होत्या, त्यांची कोकरं आतून घडून तयार होती. हिरव्या अजून फळायच्याच होत्या. म्हणून लाल वाचल्या, आणि माझा अंदाज आहे की हिरव्याही वाचणार.”

“पण झालं काय?”

डॉक्टर शेडच्या मागच्या दाराशी गेले. मागे पाण्याचं डबकं होतं, कडेला ओल्या लेंड्यांचा चिखल, आणि त्यावर तिरपं ऊन. उन्हात बारीक चिलटं उडत होती, मोहरीच्या दाण्याहून लहान.

“ही,” ते म्हणाले. “दिवस मावळताना चावतात. एखाद्या वर्षी यांच्या अंगात एक विषाणू असतो. मेंढीला चावलं तर तिला दिवसभर कणकण येते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण ती त्या नेमक्या दिवसांत गाभण असेल तर विषाणू पोटातल्या जिवापर्यंत जातो. मग एकतर मेंढी गाभडते, नाहीतर असं कोकरू येतं. सगळ्यांना बाधतं असं नाही, म्हणून चौघी सुटल्या. गावातल्या बाकीच्या कळपांनाही चिलटं चावली असणार, पण त्या दिवसांत नवी गाभण एवढ्या घरातच होती.”

“मग यात दोष कुणाचा? चिलटाचा?”

डॉक्टरांनी तसं लिहिलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मागे वळताना त्यांची नजर पंख्यांवर गेली. चिलट इतकं हलकं असतं की वाऱ्यात त्याला उडता येत नाही. मेंढ्या दिवस मावळायच्या आत शेडमध्ये आणि दोन्हीकडून वारा, तर चिलट चावणार कसं? मॅडमचं फर्मान कशासाठी होतं हे त्यांना आत्ता, या क्षणी कळलं, आणि आधी कळलं नव्हतं याचा राग आला.

“तात्या, हे पंखे या रेघांच्या मधल्या दिवसांत चालू होते ना?”

तात्यांनी कॅलेंडर खिळ्याला लावलं. ते सरळ लागलं होतं तरी पुन्हा सरळ केलं.

“तेव्हा पंखे इथे नव्हतेच,” ते म्हणाले. “मधले पंधरा दिवस. मालकीणबाईंच्या दिरांकडे होते.”

५

दीर शेजारीच राहायचे, मध्ये एक भिंत. त्यांचा कोंबड्यांचा धंदा होता, आणि वहिनीचा कळप त्यांच्या डोळ्यांत किती वर्षं खुपत होता ते सगळ्यांना माहीत होतं. भावाच्या मागे वहिनी कळप विकेल आणि जागा आपल्याला मिळेल, या आशेवर त्यांनी बरेच दिवस काढले होते. वहिनीनं विकला नाही, उलट वाढवला.

डॉक्टरांना हा माणूस कधीच आवडला नव्हता. त्या दिवशी मात्र ते त्याच्याकडे जवळजवळ प्रेमानं पाहत होते. मॅडम नाही तर हा. कुणीतरी मिळालं होतं.

“पंखे तुम्ही नेलेत?”

“नेले. पिल्लांची नवी खेप आली होती, उकाड्यानं मरत होती.” दिरांनी खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी काढून दाखवली. पिल्लं उतरल्याची तारीख पहिल्या रेघेनंतर तीन दिवसांची होती. “पंधरा दिवस वापरले आणि परत दिले.”

“पंख्यांविना मेंढ्यांचं काय होईल हे माहीत होतं?”

“मला मेंढ्यांतलं काय कळतं? कळलं असतं तर मीच नसता पाळला कळप?” त्यांचा आवाज चढला. “बघा डॉक्टर, मी काही साधू नाही. वहिनीची लाल कोकरं बघून माझं जेवण कमी झालं होतं. निळी वाकडी निघाली तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं, नंतर वाईट वाटलं, ते तुमच्यापाशी कबूल करतो. पण पंखे मी मागितले नव्हते. वहिनीनं आधीच काढून भिंतीला टेकवून ठेवले होते, वर पोतं टाकून. नुसते पडून होते म्हणून मी उचलले.”

“त्यांनी स्वतः काढले? मॅडमनी लावायला सांगितलेले पंखे?”

“हो.”

“का?”

पहिल्यांदाच दिरांच्या चेहऱ्यावर गंमत वाटल्यासारखं काहीतरी आलं.

“ते वहिनीलाच विचारा,” ते म्हणाले. “मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा जळतो म्हणून बोलतो.”

६

मालकीणबाई ओसरीवर बसल्या होत्या. जगलेलं एक वाकडं कोकरू त्यांच्या मांडीवर होतं आणि त्या त्याला बाटलीनं दूध पाजत होत्या. ते फार दिवस काढणार नव्हतं हे दोघांनाही दिसत होतं.

“पंखे का काढलेत?” डॉक्टरांनी विचारलं.

“राहू द्या ना डॉक्टर. माझंच चुकलं असं लिहा.”

“तुमचं कसं चुकलं?”

“माझा कळप, माझे पंखे. मीच काढले, मग चूक माझीच.”

“बाई, एका मुलीची नोकरी जातेय. का काढलेत?”

त्यांनी बाटली बाजूला ठेवली. बोलताना त्या कोकराकडेच पाहत होत्या.

“मेंढा लंगडत होता म्हणून तुम्ही आला होतात. पंखे बघितलेत आणि म्हणालात, देवानं यांना घोंगडी घालून पाठवलंय आणि तुम्ही पंखे घालताय? उद्या पलंग मागतील, परवा तुम्हालाच पाय चेपायला बसवतील. सगळे हसले. हे दीरही भिंतीवरून हसले. जाताना तुम्ही म्हणालात, पुस्तकं वाचून मेंढ्या पाळल्या जात नाहीत, काढा ते. मी त्याच दिवशी काढले. तुम्ही सांगितलेलं मी कधी मोडलंय का? मग पंधरा दिवसांनी मॅडम आल्या, त्यांनी विचारलं, आणि पुन्हा लावून घेतले.”

डॉक्टरांना विनोद आठवला. अगदी शब्दन् शब्द आठवला. पंख्यांचं काम काय, हे त्यांनी त्या दिवशी विचारलंच नव्हतं. मॅडमनी लावलेत एवढं त्यांना पुरलं होतं.

“मला आधीच का नाही सांगितलंत?”

“तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं?” मालकीणबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. “ह्यांच्या मागे तुम्ही नसतात तर हा कळपच नसता.”

तिथून ते दवाखान्यात गेले. मॅडम कुलूप लावत होत्या.

“ते पान दाखवा,” डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी आढेवेढे घेतले नाहीत. वही काढून त्यांनी ते पान उघडलं आणि दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. कोंबडीच्या अक्षरात लिहिलं होतं: पंखे बंद, पंधरा दिवस. जुने सर नको म्हणाले.

“तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.”

“वाकडे पाय बघितले तेव्हा अंदाज आला.”

“चौकशीसाठी माझं नाव कुणी सुचवलं?”

“मीच. अध्यक्षांना वाटलं, माझं डोकं फिरलंय.”

“का सुचवलंत?”

“ती रंगाची पद्धत त्या घरात तुम्हीच लावलीत ना सर? वीस वर्षांपूर्वी. तात्यांनी सांगितलं. रंगावरून दिवस मोजणारा दुसरा कोण आहे इथे? बाकी कुणीही आलं असतं तर लस लिहून मोकळं झालं असतं.”

“आणि मीही तेच लिहिलं असतं तर?”

“तर गेले असते. पण तुम्ही मोजायला बसलात की मग खोटं लिहिणार नाही, असं वाटलं.”

डॉक्टर घरी परत निघाले. दोन वर्षं त्यांनी या मुलीचा हेवा केला होता. खुर्चीचा, रांगेचा, उजेडात सरकवलेल्या टेबलाचा. हे आताचं सगळ्यांत जास्त लागलं. तिच्या जागी आपण असतो तर ते पान पहिल्याच दिवशी चौकात वाचून दाखवलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

७

सोमवारच्या बैठकीला खोली भरली होती. मालकीणबाई मागच्या रांगेत होत्या, दीर दाराशी, मॅडम कडेच्या खुर्चीत हातात हात घट्ट धरून. डॉक्टरांनी नमुना अध्यक्षांच्या हातात दिला. अक्षर नेहमीसारखं मोत्याचं होतं.

अध्यक्षांनी कारण मोठ्यानं वाचलं. चिलटांच्या चाव्यातून आलेला विषाणू. निळ्या खुणेच्या मेंढ्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात असताना शेडमधले पंखे पंधरा दिवस बंद. लसीचा काहीही संबंध नाही. पुढे लिहिलं होतं की हिरव्या खुणेच्या मेंढ्यांची कोकरं सरळ निघतील, आणि न निघाल्यास हा अहवाल खोटा समजावा. खोलीत कुजबुज झाली. मॅडमचे हात सुटले.

अध्यक्षांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी पान वर-खाली केलं, आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“डॉक्टर, घाईत गडबड झाली वाटतं. दोष कुणाचा, तिथे तुम्ही तुमचंच नाव लिहिलंय. सही खाली करायची असते. थांबा, मी खोडतो.”

“खोडू नका,” डॉक्टर म्हणाले. “सही खाली वेगळी केली आहे.”